मान्यता नव्हती, ओळख होती: जेएनयू विद्यार्थी संघ, 2019

ऑक्टोबर 2019 च्या मध्यावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एक कार्यालयीन आदेश निघाला. टेफ्लास नावाच्या इमारतीत विद्यार्थी संघाची खोली आहे, ती रिकामी करून द्या, असा. कारण नियमाच्या भाषेत होतं: विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी पाळल्या गेलेल्या नाहीत, विद्यापीठाने संघ अधिसूचित केलेला नाही, तेव्हा ती खोली वापरणारं अधिकृत असं कुणी नाही.

जेमतेम महिन्यापूर्वी, 17 सप्टेंबरला, त्याच संघाचा निकाल लागला होता. 8,488 मतदारांपैकी 5,762 जणांनी मतदान केलं होतं, म्हणजे जवळपास 68 टक्के. अध्यक्षपदी एसएफआयच्या आयशी घोष, उपाध्यक्षपदी डीएसएफचे साकेत मून, सरचिटणीसपदी आयसाचे सतीश चंद्र यादव, सहसचिवपदी एआयएसएफचे मोहम्मद दानिश. चार डाव्या संघटनांच्या आघाडीने चारही पदं घेतली होती. ही चौघं विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पदाधिकारी होती आणि प्रशासनाच्या कागदावर नव्हती.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते मला इथे फार उपयोगी पडतात. एक मान्यता, दुसरा ओळख. मान्यता वरून येते, शिक्का घेऊन. ओळख समोरासमोर बसून होते आणि तिला वेळ लागतो. त्या शरद ऋतूत जेएनयूमध्ये जे घडलं ते या दोन शब्दांमध्ये घडलं. मान्यता नसलेल्या चार मुलामुलींशी शेवटी केंद्रीय मंत्र्यांना बोलावं लागलं आणि उच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकली. हे कसं झालं याचं उत्तर आंदोलनात शोधण्याआधी निवडणुकीत शोधावं लागतं. त्या निवडणुकीत विद्यार्थी आपले नेते कसे ओळखतात, तिथून सुरुवात करतो.

मी तिथे 2012 ते 2014 या काळात एम.ए. केलं. परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून गेलो होतो. तिथे मी तीन वर्षं वर्ग प्रतिनिधी होतो आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे माझे मार्क. कुणी मला निवडलं नव्हतं, कुणी मला काही विचारलं नव्हतं. सूचना फलकावर नाव लागलं, झालं. आज मी राज्यशास्त्र शिकवतो आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गात घेतो. त्यामुळे मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मेसमधली ओळख

जेएनयूच्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. झेलम, साबरमती, पेरियार, लोहित, चंद्रभागा. मुलींच्या वसतिगृहांत गोदावरी आणि कोयनाही आहेत. आपल्याकडच्या मुलाला तिथे गेल्यावर पहिला आधार या नावांचा वाटतो. निवडणुकीच्या दिवसांत खरं राजकारण या वसतिगृहांच्या मेसमध्ये चालतं.

माझा पहिला अनुभव सांगतो. रात्रीचं जेवण चालू होतं, ताटात राजमा-भात. कुणीतरी स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवला. एक मुलगी दोन टेबलांच्या मधल्या बोळात उभी राहिली, माईक नाही, काही नाही, आणि बोलायला लागली. पाचेक मिनिटं बोलली असेल. ग्रंथालयाचे तास, शिष्यवृत्तीला होणारा उशीर, मुलाखतीच्या गुणांमुळे प्रवेशात होणारा भेदभाव. अर्धे लोक जेवत होते, अर्धे ऐकत होते. ती संपवते तोच कोपऱ्यातून एकाने हात धुता धुता विचारलं, "मागच्या वर्षी तुमच्याच संघटनेचा काउन्सिलर होता, त्याने आमच्या वसतिगृहाच्या पाण्याचं काय केलं?" तिला उत्तर द्यावं लागलं. उत्तर काही फार चांगलं नव्हतं. पण ती तिथून हलली नाही आणि विचारणाराही हलला नाही. माझा राजमा गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघटनेचा उमेदवार त्याच जागी उभा. असं पंधरा-वीस दिवस. शिवाय पर्चा. मेसच्या दाराशी एक जण उभा राहतो आणि प्रत्येकाच्या हातात पत्रक देतो. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला कागद, त्यात विरोधकाच्या कालच्या पर्च्यातल्या दाव्यांना मुद्देसूद उत्तर. संध्याकाळपर्यंत त्या उत्तराला प्रत्युत्तर येतं. मग रात्री खोली-खोलीतून फिरणं. दार वाजतं, तीन-चार जण उभे असतात, "साथी, दोन मिनिटं आहेत का?" दोन मिनिटांचे चाळीस होतात, चहा कुणी करायचा यावर थांबतं.

भिंतींवर हाताने रंगवलेली चित्रं आणि घोषणा असतात. पैसा जवळपास नाहीच. लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा घातली, छापील पोस्टरांना मज्जाव केला, तेव्हा देशातल्या अनेक विद्यापीठांना ते अशक्य वाटलं. जेएनयूला तो भाग नवा नव्हता.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ही निवडणूक प्रशासन घेत नाही. विद्यार्थ्यांमधूनच निवडणूक समिती नेमली जाते, तीच अर्ज तपासते, मतपत्रिका छापते, मतदान घेते, मोजते. उमेदवार कुठल्या वेळी कुठल्या मेसमध्ये बोलणार, वादविवादात कुणाचा क्रम कितवा, हे सगळं ती ठरवते. समितीत बसलेला मुलगा कालपर्यंत आपल्या शेजारच्या खोलीत राहणारा असतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हेही विद्यार्थ्यांनाच ठरवावं लागतं.

अध्यक्षपदाच्या वादविवादाची रात्र

मतदानाच्या आधी एका रात्री झेलम वसतिगृहासमोरच्या हिरवळीवर अध्यक्षपदाचे उमेदवार एका मंचावर येतात. हजारो विद्यार्थी जमिनीवर बसलेले, झाडांवर चढलेले, गच्चीवर उभे. डफल्या, शंख, ढोल. एका कोपऱ्यातून "लाल सलाम", दुसऱ्यातून "जय भीम", तिसऱ्यातून "भारत माता की जय". मंचावर भाषण सुरू झालं की निवडणूक समितीचे लोक शांत करायला धावतात.

पद्धत अशी: आधी प्रत्येकाचं भाषण, मग उमेदवारांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न, मग प्रेक्षकांचे. भाषण पाठ करून येता येतं, म्हणून माझ्या मते भाषणाचा भाग सगळ्यात कमी महत्त्वाचा. माणूस कळतो तो दुसऱ्या फेरीत. विरोधकाने नेमका प्रश्न विचारला की उमेदवार काय करतो? मुद्द्याला भिडतो, की आवाज चढवतो, की आपल्या गटाकडे बघून घोषणेची वाट पाहतो? दहा हजार डोळ्यांसमोर हे लपवता येत नाही. मी पाहिलेल्या एका वादविवादात एका उमेदवाराला साधा प्रश्न आला, एम.फिल.च्या जागा किती कमी झाल्या. त्याला आकडा माहीत नव्हता. त्याने तसं कबूल केलं असतं तर चाललं असतं. त्याने गोल फिरवलं. माझ्या शेजारी बसलेला त्याच्याच संघटनेचा मुलगा खाली मान घालून गवत उपटायला लागला.

2019 च्या वादविवादात अध्यक्षपदाला सहा उमेदवार होते. डाव्या आघाडीच्या आयशी घोष, अभाविपचे मनीष जांगिड, बापसाचे जितेंद्र सुना, शिवाय काँग्रेसची एनएसयूआय आणि राष्ट्रीय जनता दलाची छात्र राजद या विद्यार्थी संघटनांचे उमेदवार आणि एक अपक्ष. यातल्या सुना यांच्याकडे मराठी वाचकाचं लक्ष जायला हवं होतं, ते गेलं नाही याची मला खंत आहे. ओडिशातल्या कालाहांडीचा हा दलित तरुण. दिल्लीत मजुरी केली, मग नागपूरच्या नागलोक या बौद्ध प्रशिक्षण संस्थेत येऊन बाबासाहेबांचे विचार शिकला आणि तिथून जेएनयूत पीएच.डी.पर्यंत पोहोचला. त्याची संघटना बापसा, म्हणजे बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशन, 2014 मध्ये स्थापन झाली. तिच्या नावात आपले दोघे जण आहेत. डावे आणि अभाविप या जुन्या जोडीच्या बाहेरचा प्रश्न ती विचारते: आमच्या वतीने तुम्ही किती दिवस बोलणार? मंचावर त्या प्रश्नाला उत्तर देणं डाव्यांना नेहमीच जड जातं, आणि ते जड जातं हे विद्यार्थ्यांना दिसतं.

मतमोजणी झाली तेव्हा घोष यांना 2,313, जांगिड यांना 1,128 आणि सुना यांना 1,122 मतं होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात सहा मतांचं अंतर. त्याच आघाडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार साकेत मून यांना मात्र 3,365 मतं मिळाली, अध्यक्षपदापेक्षा 1,052 जास्त. याचं एक सरळ कारण आहे: उपाध्यक्षपदाच्या रिंगणात उमेदवार कमी होते. पण आकड्यांवरून हेही दिसतं की किमान हजारभर विद्यार्थ्यांनी एका पदाला आघाडीचा शिक्का मारला आणि दुसऱ्या पदाला मारला नाही. मतपत्रिकेवरची चार नावं त्यांनी वेगवेगळी वाचली होती.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 5,762 मधली 2,313 म्हणजे चाळीस टक्के. दहातल्या सहा मतदारांनी आयशी घोष यांना मत दिलेलं नव्हतं.

निकाल लगेच जाहीरही झाला नाही. दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. काउन्सिलरच्या जागा आणि अर्ज बाद होणं यांवरून तक्रार होती, त्यामुळे 17 सप्टेंबरपर्यंत निकाल रोखला गेला. तो लागला, आणि मग वर सांगितलेला आदेश आला. विद्यार्थी त्या खोलीसमोर जाऊन बसले आणि खोली गेली नाही.

दहा रुपयांचे तीनशे

28 ऑक्टोबरला वसतिगृहांच्या प्रशासनाची बैठक झाली आणि नवीन वसतिगृह नियमावलीचा मसुदा पुढे गेला. संघाचं म्हणणं, आम्हाला बोलावलं नाही. प्रशासनाच्या दृष्टीने बोलवायला संघ होताच कुठे.

मसुद्यात होतं काय? दोघांच्या खोलीचं भाडं महिना 10 रुपयांवरून 300, एकट्याच्या खोलीचं 20 वरून 600. मेसची अनामत 5,500 वरून 12,000. आजवर नसलेलं 1,700 रुपयांचं मासिक सेवा शुल्क. शिवाय वीज-पाणी प्रत्यक्ष वापरानुसार. बाहेरच्या माणसाला 300 रुपये भाडं म्हणजे काहीच वाटत नाही आणि तसं त्या वेळी टीव्हीवर खूप बोललं गेलं. पण सगळी बेरीज करायची असते. भाडं, सेवा शुल्क, वीज, पाणी धरून महिन्याला दोन हजारांच्या वर बोजा वाढत होता, मेसचं बिल वेगळं. विद्यापीठाच्याच 2017-18 च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के विद्यार्थ्यांच्या घरचं मासिक उत्पन्न 12,000 रुपयांच्या आत होतं. जिंतूर किंवा सेनगावच्या मुलाला घरून महिन्याला किती येऊ शकतात हे मी स्वतः मोजलेलं आहे. माझा पुस्तकांचा खर्च वर्षाला जेवढा व्हायचा तेवढं ते एका महिन्याचं शुल्क झालं असतं.

त्याच दिवशी संप सुरू झाला. इथे निवडणुकीतली ओळख कामाला आली असं मी म्हणतो, ते कसं ते नीट सांगायला हवं, कारण हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

संप पुकारणं सोपं असतं. आठ हजार विद्यार्थ्यांनी, त्यातल्या मतदान केलेल्यांपैकी साठ टक्के लोकांनी अध्यक्षाला मत दिलेलं नसताना, या चौघांच्या सांगण्यावरून वर्ग सोडणं सोपं नसतं. तिथे माझी एक ओळखीची मुलगी त्या वेळी एम.ए. करत होती, आमच्याच जिल्ह्यातली. मी तिला फोनवर विचारलं, "तू तर बापसाला मत दिलं होतंस, मग मोर्चात कशी?" ती म्हणाली, "दादा, मत नाही दिलं, पण बाईला ओळखते ना. आमच्या मेसमध्ये तीनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आमच्या मुलींनी तिला पाऊण तास उभं केलं होतं. ती उभी राहिली."

या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. निवडणुकीचा उपयोग जिंकणारा ठरवण्यापुरता असतो असं आपण धरून चालतो. खरं तर हरलेल्या बाजूच्या मतदारालाही जिंकणारा माहीत होतो, त्याच्या उणिवांसकट. पुढे संकट आलं की त्या माहितीच्या जोरावर तो ठरवतो, याच्यामागे किती अंतर चालायचं. शुल्कवाढीला बापसाचा विरोध होता, एनएसयूआयचा होता, अभाविपनेही आपली वेगळी निदर्शनं केली. सगळे एका झेंड्याखाली आले असं मुळीच नाही, भांडणं चालूच होती. पण वाटाघाटीला कोण बसणार याबद्दल फारसा वाद झाला नाही. चौघं निवडून आलेली होती, आणि ती निवड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेली होती.

11 नोव्हेंबरला विद्यापीठाबाहेर, वसंत कुंज भागातल्या एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या सभागृहात दीक्षान्त समारंभ होता. उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू प्रमुख पाहुणे होते. बाहेर विद्यार्थ्यांचा मोर्चा पोहोचला, बॅरिकेड, पाण्याचे फवारे. नायडू निघून गेले, पण मनुष्यबळ विकास मंत्री रमेश पोखरियाल निशंक सहा तासांच्या आसपास आत अडकून पडले. त्याच दिवशी ते विद्यार्थी संघाच्या प्रतिनिधींना भेटले आणि मागण्यांकडे लक्ष देण्याचं आश्वासन दिलं. अधिसूचित नसलेल्या संघाचे प्रतिनिधी देशाच्या शिक्षणमंत्र्यांशी बोलत होते.

दोन दिवसांनी, 13 नोव्हेंबरला, विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने वाढीचा काही भाग मागे घेतला. अनामत पूर्वीची राहिली, दारिद्र्यरेषेखालच्या विद्यार्थ्यांना भाड्यात निम्मी सवलत. संघाने हे पुरेसं मानलं नाही. 18 नोव्हेंबरला संसदेवर मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी मंत्रालयाने तिघांची उच्चाधिकार समिती नेमली. त्या तिघांत एआयसीटीईचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे होते, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी संचालक. समितीने संघाशी चर्चा केली. पुढे सेवा आणि वीज-पाण्याच्या शुल्काचा भार विद्यार्थ्यांवर न टाकता यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने उचलावा असा तोडगा आला. वाढलेलं भाडं मात्र कायम राहिलं. पूर्ण विजय झाला असं म्हणता येत नाही आणि मी वर्गात तसं कधी म्हणत नाही.

5 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तोंडं झाकलेल्या लोकांनी काठ्या-सळ्या घेऊन आवारात हल्ला केला. साबरमती वसतिगृहात तोडफोड झाली, आयशी घोष यांचं डोकं फुटलं, इतर अनेक विद्यार्थी आणि शिक्षक जखमी झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचं ते छायाचित्र देशभर पोहोचलं आणि त्या रात्रीनंतर बाहेरच्या जगाने तिला ओळखायला सुरुवात केली. त्या ओळखीत मेस नव्हती, प्रश्न नव्हते, पाऊण तास उभं राहणं नव्हतं. कुणाला ती नायिका वाटली, कुणाला खलनायिका. तिला मेसमध्ये प्रश्न विचारलेल्या मुलींना यातलं काहीच वाटलं नसणार, त्यांच्यासाठी ती त्यांची अध्यक्ष होती.

आयशी घोष आणि इतर पदाधिकारी वसतिगृह नियमावलीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 24 जानेवारी 2020 रोजी न्यायमूर्ती राजीव शकधर यांनी अंतरिम दिलासा दिला: ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी जुन्या नियमावलीच्या दराने, विलंब शुल्काशिवाय, आठवड्याभरात नोंदणी करावी.

ओळख संपते तेव्हा

या प्रकरणाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, वसतिगृहं रिकामी झाली. पुढची निवडणूक झाली 22 मार्च 2024 रोजी. साडेचार वर्षं तोच संघ.

एम.ए.चा विद्यार्थी दोन वर्षांत बदलतो. 2022 मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलाने कधी मेसमध्ये उमेदवार पाहिला नव्हता, वादविवाद पाहिला नव्हता. त्याच्यासाठी आयशी घोष हे बातम्यांमधलं नाव होतं. शिक्का आधीच नव्हता, आणि आता समोरासमोरची ओळखही पातळ होत गेली. मी तिथे गेलो तेव्हा असाच एक खंड नुकताच संपला होता. लिंगडोहच्या अटींवरून सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये जेएनयूच्या निवडणुकांना स्थगिती दिली, ती डिसेंबर 2011 मध्ये काही अटी शिथिल करून उठली, आणि 1 मार्च 2012 ला मतदान झालं. वरच्या वर्गातली मुलं सांगायची, मधल्या वर्षांत पर्चे निघत होते, सभा होत होत्या, पण "कुणाला जाब विचारायचा हेच कळायचं नाही". या वाक्याचा अर्थ मला 2023 मध्ये नीट कळला.

2024 ला 73 टक्के मतदान झालं. आयसाचे धनंजय अध्यक्ष झाले. 1996 मधल्या बत्तीलाल बैरवा यांच्यानंतरचे पहिले दलित अध्यक्ष. सरचिटणीसपद बापसाच्या प्रियांशी आर्य यांच्याकडे गेलं.

आणि आपल्याकडे

महाराष्ट्रात हे उलटं आहे. आपल्याकडे मान्यता होती, ओळख नव्हती. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. महाविद्यालयीन निवडणुकांतला पैसा आणि गुंडगिरी यांवर आधीपासून बोललं जात होतंच, त्यानंतर खुल्या निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नियुक्ती आणली. वर्ग प्रतिनिधी (सीआर) मार्कांवरून, त्यांच्यातून महाविद्यालयाचा सरचिटणीस (जीएस), त्यातून पुढे विद्यापीठ प्रतिनिधी. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली, 2019 च्या पावसाळ्यात तयारीही सुरू झाली होती. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती थांबली.

खून झाला म्हणून निवडणूक बंद करणं मला तेव्हाच्या पालकांच्या जागी उभं राहून समजतं. पण त्याने गुंडगिरी बंद झाली की फक्त प्रश्न विचारायची जागा बंद झाली, हे तीस वर्षांनंतर तरी विचारायला हवं. आणीबाणीच्या काळात जेएनयू विद्यार्थी संघाचे अध्यक्ष असलेले आणि तुरुंगात गेलेले डी. पी. त्रिपाठी पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. तिथल्या मेसमध्ये घडलेला माणूस आपण दिल्लीत पाठवला, आणि त्याला घडवणारी पद्धत आपल्या पोरांना तीन दशकं नाकारली. हे बोलताना माझा आवाज चढतो, वर्गातली मुलं सांगतात.

गेली तीन वर्षं मी माझ्या वर्गापुरता एक बदल केला आहे. नियमाप्रमाणे नाव मार्कांवरूनच जातं, त्याला माझा इलाज नाही. पण ज्याचं नाव जाणार त्याला आणि ज्यांना त्या जागी यावंसं वाटतं त्यांना, मी एक तास फळ्यासमोर उभं करतो. वर्ग चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहितो, नाव न घालता. चिठ्ठ्या खडूच्या डब्यात. उमेदवार एकेक काढतो, मोठ्याने वाचतो आणि उत्तर देतो.

यंदा पहिली चिठ्ठी उघडली ती वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर होती, अक्षर बारीक. "मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. दोघी-दोघींनी जावं लागतं, एक बाहेर उभी. तुला माहीत होतं का?" मुलाने ती वाचली. दुसऱ्यांदा मनात वाचली. मग म्हणाला, "नाही. मला माहीत नव्हतं." मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मग आता आमच्याबरोबर प्राचार्यांकडे येणार का?"

तास संपायला वीस मिनिटं होती. तो म्हणाला, "सर, आत्ताच जाऊ?" आणि चौघीजणी बाकांवरून उठल्या.